हात वर केला की मुंग्या येतात, रिपोर्ट मात्र नॉर्मल: थोरॅसिक आउटलेट सिंड्रोमच्या तपासण्या नाशिकमध्ये कशा करून घ्याव्यात

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ३६, पिंपळगाव बसवंतजवळ घरची द्राक्षबाग. ऑक्टोबर छाटणीनंतर थिनिंग (घड विरळ करणं) आणि डिपिंगच्या (घड औषधात बुडवण्याच्या) दिवसांत तासन् तास हात डोक्याच्या वर. गेल्या हंगामापासून उजव्या हाताच्या करंगळीला आणि अनामिकेला मुंग्या येतात, कोपरापासून मनगटापर्यंत आतल्या बाजूला बधिर वाटतं, वेणी घालताना हात जड होऊन खाली येतो. मानेचा एमआरआय झालाय, त्यात सी-५ सी-६, म्हणजे मानेच्या पाचव्या-सहाव्या मणक्यांमध्ये चकतीचा ‘किरकोळ बल्ज’ (फुगवटा). हाताची एनसीव्ही, म्हणजे नर्व्हची (मज्जातंतूंची) करंटची तपासणी झालीय, ती ‘नॉर्मल’. एका डॉक्टरांनी थोरॅसिक आउटलेट सिंड्रोम, म्हणजे टीओएस असावा असं सांगितलं, दुसऱ्यांनी ‘मनाचं आहे’ म्हणून गोळ्या दिल्या. आता तुम्ही विचारताय की नेमक्या कोणत्या तपासण्या करायच्या, त्या नाशिकमध्ये होतात का की मुंबई गाठावी, आणि शेवटी गाडी ऑपरेशनवरच जाणार का.

मी न्यूरॉलॉजिस्ट आहे, नाशिकमध्येच प्रॅक्टिस करतो आणि एनसीव्ही आणि ईएमजी (स्नायूंची सुईची तपासणी) स्वतःच्या हातानं करतो. तुमचा हात मी तपासलेला नाही, त्यामुळे निदान सांगणार नाही. पण तपासण्यांबद्दल मनापासून सांगण्यासारखं बरंच आहे, कारण या आजारात पैसा आणि महिने वाया जातात ते चुकीच्या तपासणीमुळे कमी आणि अर्धवट लिहिलेल्या चिठ्ठीमुळे जास्त. ‘हाताचा डॉपलर’ (रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी) एवढंच लिहिलं तर हात पलंगावर सरळ ठेवून डॉपलर होतो आणि नॉर्मल येतो. तुमचा त्रास तर हात वर केल्यावरच होतो.

आधी एक गोष्ट, बाकीचं नंतर वाचलं तरी चालेल. हात अचानक सुजला, निळसर-जांभळा पडला, तट्ट झाला, खांद्यावर आणि छातीच्या वरच्या भागात शिरा उठून दिसायला लागल्या, तर हाताची मुख्य शीर रक्ताच्या गुठळीनं बंद झाल्याची शक्यता असते. त्याच दिवशी डॉपलर झाला पाहिजे. तो हात चोळायचा नाही, मालिश करायची नाही, शेकायचा नाही. गुठळी विरघळवण्याच्या उपचाराला पहिल्या दोन आठवड्यांत चांगलं यश येतं, नंतर ती घट्ट होत जाते. आणि हात गार, पांढराफटक पडला, बोटांच्या टोकांवर काळे-निळे ठिपके आले, मनगटाची नाडी लागेना, तर ओपीडीच्या रांगेत बसू नका, सरळ कॅज्युअल्टी गाठा. तिथे प्रश्न तासांचा असतो. आपल्याकडे अशा माणसाला आधी ‘वात भरला’ म्हणून तेल लावलं जातं, म्हणून हे सुरुवातीलाच लिहिलं.

तुमच्या लिहिण्यात सूज नाही, रंग बदलणं नाही. तेव्हा घाई नाही, पण चालढकलही नको.

मानेतून हातात जाणाऱ्या नर्व्हचा जुडगा, म्हणजे ब्रेकियल प्लेक्सस, आणि हाताची मुख्य धमनी मानेच्या बाजूला स्केलीन नावाच्या दोन स्नायूंच्या फटीतून, पहिल्या बरगडीवरून खाली उतरतात. हाताची मुख्य शीर त्या फटीच्या पुढून जाते. मग तिन्ही मिळून कॉलरबोन आणि पहिली बरगडी यांच्या मधून सरकतात आणि छातीच्या पुढच्या छोट्या स्नायूखालून, म्हणजे पेक्टोरॅलिस मायनरखालून, काखेत येतात. या तीनपैकी कुठेही चेंगरलं तर टीओएस. नर्व्ह चेंगरली, शीर चेंगरली की धमनी, यावरून आजाराचे तीन प्रकार पडतात आणि तपासण्याही त्यावरूनच ठरतात. दर शंभरात नव्वदांहून जास्त रुग्ण नर्व्हच्या प्रकाराचे असतात. शिरेचा प्रकार त्यामानानं थोडा. धमनीचा सगळ्यांत विरळा, शंभरात एखादा, आणि त्यात बहुतेक वेळा जादा बरगडीसारखा हाडाचा दोष सापडतोच. तुमचं वर्णन नर्व्हच्या बाजूचं आहे. नेमका हाच प्रकार सिद्ध करायला सगळ्यांत अवघड, कारण ‘पॉझिटिव्ह’ किंवा ‘निगेटिव्ह’ असा ठप्पा मारणारी एकही तपासणी त्याला नाही. रक्तवाहिनी बंद झालेली चित्रात दिसते. नर्व्हला लागलेली ओढ बऱ्याचदा दिसत नाही.

म्हणून पहिली तपासणी मशीनवर होत नाही, ती टेबलावर होते. दोन्ही खांदे, मान आणि हात उघडे ठेवून नीट तपासायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. स्त्री रुग्णांनी सैल, बिनबाह्यांचा कपडा घालून यावं आणि सोबत कुणाला तरी आणावं, संकोच कमी होतो आणि तपासणी पूर्ण होते. बाही न सारता टीओएसचं निदान झालं असेल किंवा खोडलं गेलं असेल, तर ते धरून चालू नका.

या तपासणीत मी सगळ्यांत जास्त वेळ अनामिकेवर घालवतो. कापसाच्या टोकानं अनामिकेच्या करंगळीकडच्या आणि मधल्या बोटाकडच्या अशा दोन्ही बाजू वेगवेगळ्या तपासायच्या. नंतर तोच कापूस मनगटावरून कोपराकडे, हाताच्या आतल्या बाजूनं वर न्यायचा. करंगळीकडे जाणारी अल्नर नर्व्ह कोपरापाशी दबली असेल, तर करंगळी आणि अनामिकेची करंगळीकडची बाजू बधिर असते, पण बधिरपणा मनगटाच्या थोडा वर येऊन थांबतो. कोपरापर्यंतचा आतला भाग ठीक असतो, कारण तिथली संवेदना वेगळी नर्व्ह नेते आणि ती प्लेक्ससमधून वरच फुटलेली असते. तो भागही बधिर असेल, तर दुखणं कोपराच्या वर, काख, कॉलरबोन किंवा मान यांच्या दिशेला आहे. तुम्ही ‘कोपरापासून मनगटापर्यंत आतल्या बाजूला’ असं लिहिलंय. तुमच्या सगळ्या पत्रात मला हे वाक्य सगळ्यांत मोलाचं वाटतं. डॉक्टरांसमोर हे असंच सांगा, बोट फिरवून दाखवा. ‘पूर्ण हात बधिर होतो’ असं म्हणालात की हा धागा तुटतो.

मग तळहात बघायचा. अंगठ्याच्या बुडाशी जो मांसल उंचवटा असतो, तो दोन्ही हात शेजारी ठेवून उजेडात बघा. एका बाजूला तो सपाट किंवा खोलगट वाटला, तर स्नायू झिजतोय. अशा वेळी महिनोन् महिने वाट बघत बसायचं नाही.

हात वर धरून करायच्या चाचण्यांपैकी रूस यांची तीन मिनिटांची चाचणी मला उपयोगी वाटते. दोन्ही हात खांद्याच्या उंचीला, कोपरं काटकोनात, तळवे पुढे, आणि तीन मिनिटं मुठी उघडायच्या-मिटायच्या. दमायला कुणालाही होतं. महत्त्वाचं हे की तुमचा नेहमीचा त्रास, त्याच बोटांत, तसाच उठतो का आणि हात अर्ध्यातच खाली घ्यावा लागतो का. कॉलरबोनच्या वरच्या खळगीत बोटानं दाबल्यावर कळ हातात उतरते का, हेही बघायचं. याउलट अ‍ॅडसन यांची चाचणी, ज्यात मान वळवून, श्वास रोखून मनगटाची नाडी गायब होते का ते बघतात, ती १९२७ पासून पुस्तकात आहे, पण एकटी तीच धरून मी निर्णय घेत नाही. कसलाही त्रास नसलेल्या कितीतरी माणसांची नाडी त्या स्थितीत गायब होते. ‘अ‍ॅडसन पॉझिटिव्ह, म्हणजे टीओएस’ असं कुणी लिहून दिलं असेल तर पुढचं काम अजून बाकी आहे.

आता मशीनकडे येऊ. तुमचा सगळ्यांत महागडा एमआरआय झालाय आणि सगळ्यांत स्वस्त एक्स-रे राहिलाय. हे रोज बघतो. मानेचा समोरून आणि बाजूनं, आणि छातीचा एक, असे एक्स-रे आधी काढा. खर्च शेकड्यांत असतो. चिठ्ठीवर ‘सर्व्हायकल रिब आणि सी-७ ट्रान्सव्हर्स प्रोसेससाठी, दोन्ही फुप्फुसांची टोकं दिसावीत’ असं लिहून घ्या. सर्व्हायकल रिब म्हणजे मानेच्या सातव्या मणक्याला फुटलेली जादा बरगडी. साधारण शंभरात एखाद्याला किंवा त्याहून कमी लोकांना ती असते, बायकांत थोडी जास्त, आणि त्यातल्या बहुतेकांना आयुष्यभर काही होत नाही. म्हणून ती दिसली की ऑपरेशन, असा अर्थ नाही, आणि दिसली नाही की टीओएस नाही, असाही नाही. मणक्यापासून पहिल्या बरगडीपर्यंत ताणलेला चिवट पट्टा असू शकतो आणि तो एक्स-रेत उमटत नाही. सातव्या मणक्याची बाजूची शेंग (हीच ट्रान्सव्हर्स प्रोसेस) लांबलेली दिसली तर अशा पट्ट्याचा संशय घ्यायचा. फिल्म नीट वाचली जावी म्हणून एक खूण सांगतो. सातव्या मानेच्या मणक्याची शेंग खाली झुकलेली असते, पाठीच्या पहिल्या मणक्याची वर उचललेली. त्यावरून जादा बरगडी कोणती आणि खरी पहिली कोणती, ते ठरतं.

छातीचा एक्स-रे कशाला, असं बऱ्याच जणांना वाटतं. फुप्फुसाच्या अगदी टोकाला गाठ असेल तर ती याच नर्व्हवर दाब आणून हुबेहूब हाच त्रास देते. तुमच्या वयात आणि तंबाखू-विडीचा संबंध नसताना शक्यता कमी, पण पन्नाशीच्या पुढच्या, धूम्रपान करणाऱ्या माणसाच्या करंगळीत आणि खांद्यात कळ असेल तर हा एक्स-रे टाळणं परवडत नाही. गाडीवरून पडून मोडलेली कॉलरबोन जाड जुळली असेल तर तीही यात दिसते.

एमआरआयबद्दल. सी-५ सी-६ मधल्या बल्जचा तुमच्या करंगळीशी संबंध लावता येत नाही. तिथून निघणारी सी-६ नर्व्ह अंगठ्याच्या बाजूला जाते. करंगळीकडे सी-८ आणि टी-१ जातात. पस्तिशीनंतर असे किरकोळ बल्ज ज्यांची मान कधीच दुखली नाही त्यांच्यातही सापडतात. तरी तो एमआरआय वाया गेलेला नाही. मानेतल्या मणक्यापाशी सी-८ दबलेली नाही आणि मज्जारज्जू ठीक आहे, हे त्यानं सांगितलं, आणि ते कळणं गरजेचंच होतं. रिपोर्टच्या कागदाबरोबर सीडी जपून ठेवा, पुढचा डॉक्टर चित्रं बघेल.

प्लेक्ससचा एमआरआय ही वेगळी तपासणी आहे. मानेच्या एमआरआयमध्ये प्लेक्सस कडेला कापला जातो. ती करायची वेळ आली तर चिठ्ठीवर ‘ब्रेकियल प्लेक्सस, दोन्ही बाजू, हात खाली आणि हात वर’ असं हवं, आणि शक्य असेल तर ३ टेस्लाचं, म्हणजे जास्त ताकदीचं मशीन. हात वर घेऊन मशीनमध्ये पडून राहणं त्रासाचं आहे आणि सगळी सेंटर्स ते करत नाहीत. म्हणून पैसे भरण्याआधी फोन करून रेडिओलॉजिस्टशीच बोलून घ्या, काउंटरवरच्या मुलाला याची माहिती नसणं स्वाभाविक आहे. मी स्वतः हा एमआरआय सरसकट लिहीत नाही. हात तपासून, एक्स-रे आणि एनसीव्ही झाल्यावर शंका उरली, नर्व्हवर गाठ असावी असं वाटलं किंवा सर्जनला नकाशा हवा असला, तरच.

एनसीव्हीवर जरा थांबतो, कारण ‘नॉर्मल’ या एका शब्दानं तुमच्यासारख्या कितीतरी जणांना मनाचे रोगी ठरवलंय. ही करंटची तपासणी नर्व्हमधले तंतू शाबूत आहेत का आणि संदेश किती वेगानं जातो ते मोजते. ड्रिपच्या नळीवर पाय पडला की पुढच्या झाडाला पाणी पोचत नाही. पाय काढून मग पाणी मोजलं तर पूर्ण भरतं. तुमची एनसीव्ही हात खाली ठेवून, निवांत पडून झालेली आहे. नर्व्ह अधूनमधून चेंगरत असेल पण तंतू मेलेले नसतील, तर ती नॉर्मलच येणार. नर्व्हच्या टीओएसमध्ये बहुसंख्य रुग्णांची ती नॉर्मल येते. तंतू मरायला लागल्यावर मात्र फार ओळखीचं चित्र दिसतं. अंगठ्याच्या उंचवट्याकडे जाणारा मीडियन नर्व्हचा मोटर (स्नायूंकडचा) प्रतिसाद खुजा होतो, पण त्याच नर्व्हचा बोटांकडचा सेन्सरी (संवेदनेचा) प्रतिसाद चांगला असतो. अल्नर सेन्सरी घटतो. आणि हाताच्या आतल्या बाजूची संवेदना नेणारी मिडियल अँटेब्रेकियल क्युटेनियस नर्व्ह सगळ्यांत आधी मार खाते.

नेमकी हीच नर्व्ह नेहमीच्या एनसीव्हीत तपासली जात नाही. पॅकेजमध्ये मीडियन, अल्नर, रेडियल एवढंच असतं. तेव्हा तुमचा रिपोर्ट काढा आणि तक्त्यात तिचं नाव आहे का बघा. नसेल तर ती तपासणी टीओएससाठी अपुरी आहे, आणि पुन्हा करायची झाल्यास चिठ्ठीवर तीन गोष्टी लिहून घ्या: मिडियल अँटेब्रेकियल क्युटेनियस नर्व्ह दोन्ही हातांत, अल्नर नर्व्ह कोपराच्या वर-खाली, आणि सी-८ टी-१ च्या स्नायूंची सुईची ईएमजी. दोन्ही हातांत का, तर या नर्व्हचा प्रतिसाद मुळातच लहान असतो. पुस्तकातल्या आकड्यापेक्षा स्वतःच्याच दुसऱ्या हाताशी केलेली तुलना जास्त सांगून जाते. कोपराचं कारण वर आलंच, अल्नर नर्व्ह कोपराला दबणं हे टीओएसपेक्षा कितीतरी जास्त आढळतं आणि त्याचा उपाय सोपा आहे.

थंडीत येणार असाल तर आणखी एक. हात गार असले की नर्व्हचा वेग कमी भरतो आणि नसलेला दोष रिपोर्टमध्ये उतरतो. निफाड-पिंपळगावकडून सकाळी गाडीवर येणाऱ्या माणसाचे हात डिसेंबरात बर्फासारखे असतात. तपासणीआधी कोमट पाण्यात हात ठेवून किंवा गरम पिशवीनं हाताची कातडी ३२ अंशांच्या वर आणायची असते. टेक्निशियननं तापमान बघितलं नाही तर आठवण करून द्या, यात संकोच करण्यासारखं काही नाही. त्या दिवशी हाताला तेल किंवा क्रीम लावू नका. उपाशी राहायची गरज नसते. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील किंवा पेसमेकर असेल तर आधी सांगा. सुई बारीक असते, टोचल्यावर दुखतं, पण सहन होतं.

डॉपलर नर्व्हच्या टीओएसला सिद्ध करत नाही. तुमच्यासारख्यांना मी तो एवढ्यासाठीच सांगतो की शीर आणि धमनी सुरक्षित आहेत हे कळावं. तो करायचा तर हात अंगालगत, खांद्याच्या उंचीला, आणि पूर्ण वर, अशा स्थितींमध्ये, दोन्ही बाजूंना. शक्य असेल तर बसून, कारण झोपल्यावर खांद्याचा ताण बदलतो. सोनोलॉजिस्टना स्वतः सांगा, ‘डॉक्टर, मला हात असा धरल्यावर होतं’, आणि थिनिंगला धरता तसा धरून दाखवा. याच्या दोन मर्यादा आहेत. कॉलरबोनच्या मागचा शिरेचा तुकडा हाडाच्या सावलीत जातो, म्हणून सूज आलेल्या रुग्णात डॉपलर नॉर्मल आला तरी संशय संपत नाही, तिथे सीटी किंवा एमआर व्हेनोग्राफी, म्हणजे शिरांचं चित्र काढावं लागतं. आणि उलट, हात वर केल्यावर रक्तवाहिनी थोडी दबणं निरोगी माणसातही दिसतं. नुसत्या त्या ओळीवरून घाबरू नका.

सीटी अँजिओग्राफी, म्हणजे सीटीवर काढलेलं रक्तवाहिन्यांचं चित्र, तुम्हाला आत्ता नको. सूज, रंग बदलणं, गार बोटं किंवा मोठी जादा बरगडी असेल, किंवा ऑपरेशन ठरलं असेल तर ती लागते. हात खाली आणि हात वर असे दोनदा फोटो काढायचे म्हणजे किरणं आणि कॉन्ट्रास्टही जास्त. आधी क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) बघतात. आयोडीनची ॲलर्जी, गरोदरपण, मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी, हे सगळं तिथे सांगायचं असतं.

रक्ताच्या तपासण्यांवर फार लिहीत नाही. साखर, बी-१२, थायरॉइड एवढ्या करून घ्या. शाकाहारी घरात बी-१२ कमी निघणं नेहमीचं आहे, आणि ते भरून काढल्यावर निम्म्या मुंग्या गेल्या असंही होतं.

राहिलं ते स्केलीन ब्लॉक. मानेतल्या पुढच्या स्केलीन स्नायूत सोनोग्राफीत बघून थोडं लिग्नोकेन (बधिर करणारं औषध) सोडतात. स्नायू सैलावतो आणि काही वेळापुरती नर्व्ह मोकळी होते. इंजेक्शननंतर तासाभरात तीच कामं करून बघायची, हात वर धरायचा, रूस चाचणी पुन्हा करायची. नेहमीचा त्रास ठळकपणे कमी झाला तर निदानाला बळ मिळतं आणि ऑपरेशनचा उपयोग होण्याची शक्यताही वाढते. अमेरिकेतल्या रक्तवाहिनी शल्यविशारदांच्या संघटनेनं २०१६ मध्ये या आजारासाठी जी चौकट ठरवली, तिच्यात चार निकष आहेत: मान-छातीपाशी दिसणारी लक्षणं, हातात दिसणारी लक्षणं, दुसरा कुठला आजार नसणं आणि या इंजेक्शनला मिळालेला प्रतिसाद. चारपैकी तीन जुळले तर नर्व्हचा टीओएस धरायचा. बघा, यात एमआरआय किंवा एनसीव्ही ‘पॉझिटिव्ह’ असण्याची अट नाही. त्या दोन्हींचं मुख्य काम तिसऱ्या निकषात आहे, बाकीचे आजार बाजूला काढण्याचं. ब्लॉकनंतर काही तास आवाज बसणं, पापणी जड होणं किंवा हात बधिर पडणं होऊ शकतं, ते उतरतं. घरी जाताना गाडी स्वतः चालवू नका. आणि हे काम मान-सोनोग्राफीत हात बसलेल्या पेन स्पेशालिस्टकडेच करा.

आता नाशिक की मुंबई. हाताची तपासणी, एक्स-रे, रक्त, एनसीव्ही, डॉपलर, मानेचा एमआरआय, सीटी, हे सगळं नाशिकमध्ये होतं. खर्चाची अडचण असेल तर सिव्हिल हॉस्पिटल, शालिमारजवळचं संदर्भ सेवा रुग्णालय किंवा आडगावचं मेडिकल कॉलेज इथे आधी चौकशी करा, आणि पिवळं-केशरी रेशनकार्ड, आधार सोबत ठेवा. सातपूर-अंबडच्या कंपन्यांत काम करणाऱ्या माझ्या रुग्णांना मी ईएसआयसीचं (कामगार विम्याचं) कार्ड आणायला सांगतो. मेडिक्लेम असेल तर ध्यानात ठेवा, निव्वळ तपासण्यांसाठी ॲडमिट झालात तर दावा सहसा नाकारला जातो. ‘एक दिवस ॲडमिट व्हा, सगळं क्लेममध्ये बसवू’ असं कुणी म्हणालं तर भरवसा ठेवू नका.

मुंबई किंवा पुण्याला जावं ते दुसऱ्या टप्प्यात: हात वर करून प्लेक्ससचा एमआरआय हवा असेल आणि इथे जमत नसेल, ब्लॉक करायचा असेल, किंवा हे ऑपरेशन नियमित करणाऱ्या सर्जनचं मत हवं असेल. तेव्हा परळच्या केईएमसारख्या मोठ्या सरकारी रुग्णालयाचा विचार जरूर करा. जाताना सगळे एक्स-रे, सीडी, एनसीव्हीचा तक्त्यासह पूर्ण रिपोर्ट आणि एका पानावर स्वतःच्या हातानं लिहिलेली हकिकत न्या. नुसत्या ‘इंप्रेशन’च्या ओळीवर कुणी मत देऊ शकत नाही, आणि पहाटे उठून पंचवटी एक्स्प्रेसनं जाऊन तीच तपासणी पुन्हा लिहून मिळते.

ऑपरेशनची भीती तुमच्या प्रश्नात दिसते, म्हणून स्पष्ट सांगतो. स्नायू झिजत नसतील, शीर-धमनी ठीक असतील, तर पहिला उपाय फिजिओथेरपी, आणि ती निदान तीन महिने, माहीतगार फिजिओथेरपिस्टच्या नजरेखाली. तिची सुरुवात तपासण्या संपायची वाट न बघता करता येते. खांदे मागे-खाली स्थिर ठेवणारे स्नायू तयार करणं, स्केलीन आणि छातीचा छोटा स्नायू हळूहळू सैलावणं, पोटानं श्वास घेणं, हे त्यात असतं. मानेला वजन लावून ट्रॅक्शन, जोरात ओढाताण किंवा खांद्यावर वजन घेऊन व्यायाम, यांनी हा त्रास वाढू शकतो, तेव्हा त्रास वाढला की लगेच सांगायचं, सोसत राहायचं नाही. तीन महिने प्रामाणिकपणे करूनही काम अडत असेल आणि निकष जुळत असतील, तेव्हा बरगडी किंवा स्केलीन काढण्याचा विचार येतो. उंचवटा सपाट व्हायला लागला तर मात्र हे वेळापत्रक लागू नाही, तेव्हा सर्जनला लवकर दाखवायचं.

तोपर्यंत बागेत एक बदल आजच करा. मांडवाखाली उभं राहताना पायाखाली रुंद, न डगमगणारा पाट किंवा लाकडी खोका घ्या, म्हणजे घड डोळ्यांच्या रेषेत येईल आणि कोपर खांद्याच्या खाली राहील. ओळ संपली की हात खाली सोडून दोन मिनिटं थांबा, मगच पुढची ओळ धरा. रात्री हात उशीखाली किंवा डोक्यावर घेऊन झोपू नका, आणि फोन कोपर दुमडून कानाला लावून तासभर बोलू नका. आठवडाभर एका वहीत टिपून ठेवा: कोणतं काम करताना, किती वेळानं, कोणत्या बोटात सुरू झालं आणि हात खाली घेतल्यावर किती वेळात गेलं. डॉक्टरकडे जाल तेव्हा ती वही एक्स-रेच्या पाकिटातच ठेवा. चिठ्ठीवर काय लिहायचं ते त्यांना त्या पानांवरून ठरवता येईल.